एक मिलिमीटर

मिलिंद,

मला रडू कमी येतं आणि झोप फार येते. लोक भेटायला येतात, बसतात, आणि मी त्यांच्यासमोर भिंतीला टेकून डुलक्या घेते. दुपारी मात्र दचकून जाग येते. आज मंगळवार, बारा वाजून गेले, डायलिसिसला उशीर झाला, म्हणून चपला शोधते, गाडीची किल्ली शोधते. रंजना स्वयंपाकघराच्या दारातून पाहते. तुझी बायको ना ती, तिची पण तीच गत आहे. ती अजून बिनमिठाची भाजी वेगळी काढून ठेवते.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला उरला इंडस्ट्रियल एरियातून तुझ्या मिलमधले लोक आले होते. एकानं उभं राहून सांगितलं, मिलिंदभाऊ फार शांत स्वभावाचे फिटर होते. मी मान खाली घातली, नाहीतर हसू आलं असतं. रविवारी सकाळी सात वाजता नव्या सायलेन्सरचा आवाज काढून ज्यानं अख्खा पारा, सगळा मोहल्ला उठवला होता, तो शांत! शेजारच्या काकूंनी तेव्हा खिडकीतून विचारलं होतं, "भैया, ये गाड़ी है के बोरवेल?" आणि तू बोनेटखालून मान काढून मोठ्या अदबीनं म्हणाला होतास, "दीदी, अभी ट्यूनिंग बाकी है."

ते बाकीचं ट्यूनिंग अकरा महिने चाललं. त्या अकरा महिन्यांबद्दलच बोलायचं आहे मला तुझ्याशी, आणि नंतरच्या एका गोष्टीबद्दल. तू समोर होतास तेव्हा बोलले नाही.

गाडी तू घेतलीस तेव्हाच म्हातारी होती. पांढरी, कार्ब्युरेटरवाली, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. मला वाटलं, चार लोकांसारखी चालवशील, सुट्टीत नागपूरला नेशील. दुसऱ्याच रविवारी मी चहा घेऊन आले तर इंजिन उघडं आणि बाजेवर जुन्या चादरीत त्याचं डोकं काढून ठेवलेलं. तुम्ही फिटर लोक त्याला हेड म्हणता. अ‍ॅल्युमिनियमचा जड ठोकळा, आत हवा यायला आणि धूर जायला वळणावळणाच्या वाटा.

"बिघडली का?" मी विचारलं.

"नाही ना. चांगली आहे."

"मग काहून उघडली?"

"चांगली आहे म्हणूनच. आता अजून चांगली करतो."

मग तू मला ती इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स दिलीस. तुझं शिक्षण आयटीआयपर्यंत, माझं बी.एस्सी. आणि त्या बी.एस्सी.चा उपयोग रेल्वेच्या ऑफिसात फायलींवर जावक नंबर टाकण्यापलीकडे कधी झालाच नव्हता. "ताई, वाचून सांग न, इथी काय लिहून आहे." मी वाचत गेले आणि माझ्या लक्षात आलं की मला हे समजून राहिलं आहे. हवा जितकी मोकळी आत येईल तितकं पेट्रोल नीट जळेल. कारखान्यात ओतलेल्या हेडच्या आतल्या वाटा खडबडीत असतात, कडा असतात, हवा तिथे अडखळते. त्या वाटा घासून गुळगुळीत करायच्या. जास्त घासलं तर भिंत पातळ होऊन फुटते.

"तुझी बोटं बारीक आहेत," तू म्हणालास. "माझं बोट आत जातच नाही."

अशी मी त्या कामात आले, पंचेचाळीस वर्षांची बाई. लग्न झालं नव्हतं, आई गेली होती, रविवारी करण्यासारखं काही नव्हतं. तू छोट्या ग्राइंडरनं मोठं काम करायचास आणि आतली शेवटची वळणं मी पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासायची. सोमवारी ऑफिसात माझी नखं राखाडी असायची. साहेबांनी एकदा विचारलं, "मॅडम, घर पे पेंट हो रहा है?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं, आणि मला ते कोणाला सांगायचंही नव्हतं. ते माझं होतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही मिलिंद, तू मला ते दिलंस.

भांडणंही त्याच बाजेवर झाली. तू एअर फिल्टरचा डबा बदललास तेव्हा भांडण, सायलेन्सर बदललास तेव्हा मोठं भांडण. मी म्हणायची, हे कायद्यात बसत नाही, उद्या गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट करायला नेशील तर परत पाठवतील. तू म्हणायचास, तेव्हाचं तेव्हा पाहू. रंजना म्हणायची, तुम्ही दोघं भाऊबहीण आहात की वकील. आणि एकदा मी खरंच चिडून विचारलं, "तुले एवढा जोर पाहिजे काहून? रायपुरात चाळीसच्या वर गाडी जाते कुठी?"

तू हात पुसलेस. बराच वेळ पुसलेस.

"ताई, मिलमधे माझं काम काय आहे माहीत आहे का? रोलर बिघडला का पहिल्यासारखा करून देणं. गिअरबॉक्स बसला का पहिल्यासारखा करून देणं. बावीस वर्षं झाली, पहिल्यासारखंच करून राहिलो. एक तरी वस्तू अशी पाहिजे न का मी हात लावला अन् ती पहिल्यापेक्षा चांगली झाली."

 मी चहा आणते म्हणून आत गेले.

मग तो मिलिमीटर आला. हेडचा खालचा तळ मशीनवर थोडा छाटून घेतला की ते इंजिनावर खाली बसतं, आतली हवा जास्त दाबली जाते, जोर वाढतो. पण गरमीही वाढते. पुस्तकात लिहिलं होतं, अर्धा मिलिमीटर, त्यापुढे जपून. मी ते दोनदा वाचून दाखवलं. तू म्हणालास, पुस्तकवाले घाबरट असतात. मी म्हणाले, पुस्तकवाल्यांनी रायपूरचा मे महिना पाहिला नाही. दोन आठवडे आपण त्यावर भांडलो. शेवटी उरल्याच्या मशीन शॉपमध्ये हेड न्यायच्या दिवशी, ते पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन तू मला विचारलंस, "ताई, शेवटचं विचारतो. अर्धा का एक?"

मिलिंद, मी म्हटलं, "कर एक."

का म्हटलं? कारण तोवर मलाही ती हवा लागली होती. मी वाटा घासल्या होत्या. मला पाहायचं होतं.

आणि पाहिलं. नवा रायपूरचे ते रुंद, मोकळे रस्ते, रविवारची सकाळ, दोन्हीकडे कोणी नाही. माझ्या हातात स्टॉपवॉच, थांबलेल्या गाडीपासून साठच्या काट्यापर्यंत. हेड काढायच्या आधी एकोणीस सेकंद लागले होते. आता चौदा. मी ओरडले, "चौदा!" तू विश्वास ठेवला नाहीस. परत लावलं. परत चौदा. तू गाडी कडेला घेतलीस, स्टिअरिंगवर कपाळ टेकलंस आणि हसत राहिलास. आईच्या मरणानंतर तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. परत येताना तू मला चालवायला दिलीस. मी नवशिकी, दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला तर गाडी अशी उडाली की मी तुझं नाव घेऊन किंचाळले, आणि तू म्हणालास, "माझं नाव काहून घेते, तुझंच काम आहे ते."

अजून एक राहिलं होतं. केशकालची घाटी. जगदलपूरच्या वाटेवरची ती वळणं तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, मधे दुसरा टाकायचा नाही. दर हिवाळ्यात जाऊ म्हणायचो. कधी तुझी शिफ्ट, कधी माझं ऑफिस, कधी तुझ्या पोरीची, सोनलची, परीक्षा. मग मी रिटायर झाले आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या.

त्या दोन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. रंजनाची शाळेतली नोकरी, सोनलची नवी नोकरी, म्हणून नेणं-आणणं माझ्याकडे आलं. मी आनंदानं केलं असं लोक म्हणतात. आनंदानं नाही केलं. केलं. तू सुया टोचलेल्या हातानं पडून राहायचास आणि मी बाकावर बसून छताचा पंखा पाहायची. एकदा तू माझी बोटं ओढून तुझ्या मनगटाच्या वर ठेवलीस. डायलिसिससाठी तिथे रक्तवाहिनी जोडलेली होती. आत सतत थरथर. "पाहा," तू म्हणालास, "आयडलिंग. एकदम स्मूथ." बाजूची नर्स हसली. मी नाही हसले. तेव्हा हसायला हवं होतं.

आता ती गोष्ट.

तो मे महिना होता, दोन वर्षांतला दुसरा. त्या दिवशी सकाळचा नंबर लागला होता, डायलिसिस उरकून दुपारी दोनला तुला घरी घेऊन निघाले. तुझं बीपी खाली होतं, तू सीट मागे करून डोळे मिटून पडला होतास. पंडरीत कापड बाजाराशी गाडी जाममध्ये अडकली. पुढे ट्रक, मागे ऑटो, ऊन पांढरं झालेलं. गरमीचा काटा वर चढायला लागला. तू डोळे न उघडता म्हणालास, "काटा किती आहे?"

"वर गेला."

"हीटर लाव."

"वेडा झाला का?"

"ताई, हीटर लाव. इंजिनची गरमी इकडे घे. नाहीतर गॅस्केट जाईन."

पंचेचाळीस डिग्रीत, बीपी नव्वदवर असलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडावर हीटर लावून घेतला, इंजिन वाचावं म्हणून. मी लावला. का लावला, ते मला अजून कळत नाही. तू सांगायचास आणि मी करायची, ती जुनी सवय होती. तीन-चार मिनिटांत तुझा चेहरा राखेसारखा झाला आणि तुझी मान खिडकीकडे कलंडली. तेवढ्यात बोनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. हेडखालचं ते पातळ पॅकिंग, गॅस्केट, गेलंच.

एका साडीच्या दुकानातली दोन माणसं धावत आली. त्यांनी तुला उचलून आत नेलं, पांढऱ्या गादीवर निजवलं, कूलर तुझ्याकडे फिरवला. बायका साड्या पाहायला बसल्या होत्या, त्या सरकल्या. दुकानदारानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी ओरडले, "जास्त नको, दोनच घोट!" तुला पाणी मोजून द्यावं लागे हे त्याला काय माहीत, त्याला वाटलं, काय बाई आहे, मरत्या माणसाला पाणी देत नाही. तू शुद्धीवर आलास आणि पहिलं वाक्य काय बोललास? "गाडी लॉक केली का?"

मला त्या दिवशी तुझा इतका राग आला मिलिंद, की तू गादीवर पडला होतास आणि मी मनात तुला शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत भनपुरीला साहू भैयाच्या गॅरेजमध्ये नेली. त्यानं हेड काढलं, तळावर पट्टी ठेवून पाहिलं. "दीदी, बहुत ज्यादा घिस दिए हैं. इसीलिए गरम होती है. किसने किया?"

मी म्हटलं, "माझ्या भावानं. मी नको म्हणत होते."

असं म्हटलं मी. परक्या माणसासमोर, किती सहज.

साहू भैयानं जुन्या स्पेअरच्या दुकानातून दुसऱ्या एका गाडीचं साधं हेड आणलं. कोणी न घासलेलं, न छाटलेलं. साधा सायलेन्सर लावला, फिल्टरचा जुना डबा लावला. गाडी होती तशी केली. पहिल्यासारखी. आपलं हेड त्यानं पोत्यात बांधून डिकीत ठेवलं होतं. परतताना रस्त्यात भंगारवाल्याची टपरी लागली. मी गाडी थांबवली, डिकी उघडली आणि म्हटलं, "ये ले जाओ." त्यानं तराजू काढला, तर मी म्हटलं तोलू नको, काही नको, फक्त उचल. त्यानं ते पत्र्यांच्या ढिगावर टाकलं. अ‍ॅल्युमिनियमचा आवाज वेगळा येतो, तूच शिकवलं होतंस. मी मागे न पाहता निघाले. आठवडाभर मला बरं वाटत होतं, हे पण सांगते.

तुला मी काही बोलले नाही. पुढच्या फेरीला तू गाडीत बसलास, मी चावी फिरवली, आणि तू लगेच माझ्याकडे पाहिलंस. मी समोर पाहत राहिले. हॉस्पिटल आलं. उतरताना म्हणालास, "हेड बदललं."

"हव."

"चांगलं केलं. पण स्पार्कचं टायमिंग मागे आहे. खेचून नाही राहिली."

मला वाटलं होतं तू भांडशील. त्यासाठी मी वाक्यं तयार ठेवली होती. हीटरची, गादीची, सगळी. ती तशीच राहिली.

रविवारी तू पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलास आणि मला बोनेट उघडायला लावलंस. "डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला कर. पुरा नको काढू. आता हातानं फिरव, हळू." इंजिन चालू होतं. मी त्याची टोपी केसाएवढी फिरवली की आवाज बदलायचा आणि तू डोळे मिटून मान हलवायचास. "अजून. अजून. बस. आता जरासं मागे घे." मी घेतलं. "कस." मी बोल्ट आवळला. गाडीचा आवाज एकसारखा झाला होता आणि तू खुर्चीत मागे टेकलास. दमला होतास, नुसतं बोलून. मग डोळे न उघडता विचारलंस,

"आपलं हेड कुठी ठेवलं?"

"माळ्यावर."

"पोत्यात?"

"हव, पोत्यात."

"तेल लावून ठेव. बरा झालो का परत बसवू. पातळ गॅस्केटच्या जागी जाड टाकू, म्हणजे तो मिलिमीटर भरून निघते. मी विचार करून ठेवला आहे. मग केशकाल."

"हव," मी म्हटलं.

तुझी चूक कशी दुरुस्त होईल हे तू शोधून ठेवलं होतंस. एक जाड गॅस्केट. इतकं साधं. आणि ती चूक तुझी एकट्याची नव्हतीच. "कर एक" म्हणणारी मी होते. तू एकदाही, एकदाही मला त्याची आठवण दिली नाहीस. गादीवर नाही, गाडीत नाही, त्या खुर्चीतही नाही. मी तेव्हाच सांगू शकत होते की हेड कधीच वितळलं असेल. त्यानंतरही सात महिने रोज सांगू शकत होते. आपण आठवड्यातून तीन दिवस एका गाडीत बसून जात होतो, दुसरं काम काय होतं?

नाही सांगितलं. तू माफ केलं असतंस म्हणून. मला ते सहन झालं नसतं.

परवा सोनल शिडी लावून माळ्यावर चढली. जुने डबे, गाद्या, आईची पेटी, सगळं सरकवत होती. मी खालून विचारलं, "काय शोधून राहिली?"

"पापा वाला हेड. उन्होंने बोला था पोत्यात है." तुझी पोरगी, मराठीचा एक शब्द टाकते आणि बाकी हिंदी. "मुझे ऑफिस में टेबल पे रखना है."

मी शिडी धरून उभी होते. म्हटलं, "सोनल, खाली ये. ते नाही आहे."

ती शिडीवरच बसली. मी सगळं सांगितलं. साडीचं दुकान, साहू भैया, टपरी. तिनं मधे एकदाच विचारलं, "कबाड़ में, आत्या?" मी म्हटलं हव. तिच्या केसांना कोळ्याची जाळी लागली होती, ती तिनं काढली नाही. मग म्हणाली, "पापा को पता था?"

"नाही."

"आपने बताया क्यों नहीं?"

जे उत्तर वर लिहिलं तेच मी दिलं. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. उतरली, शिडी मिटवून भिंतीला लावली आणि आपल्या खोलीकडे जाता जाता म्हणाली, "तो अब बता दो."

म्हणून बसले आहे लिहायला. आपण अकरा महिने घासलेलं हेड मी भंगारात दिलं. रागानं दिलं. साहू भैयाला खोटं सांगितलं, तुला खोटं सांगितलं, आणि एक मिलिमीटर मी म्हटला होता.

तू रागावलास की तीन दिवस बोलायचा नाहीस, लहानपणापासून. ताट घेऊन दुसऱ्या खोलीत बसायचास. चौथ्या दिवशी मागून येऊन म्हणायचास, "ताई, चहा टाकतेस का?"

आता रागाव बाबू. पाहिजे तितके दिवस नको बोलूस. मी कुठी जात नाही.